घासू नये

शनिवारी सकाळी साडेआठला आमच्या दाराची बेल वाजली तर ती दोघांपैकी एकाचीच असते. एक दूधवाला, त्याला महिन्याचे पैसे हवे असतात. दुसऱ्या समोरच्या अम्मा, त्यांना काहीही हवं असू शकतं. मोबाइलमधला आवाज गेलाय, गॅसचं बुकिंग करायचंय, टीव्हीवर सिंधी भजनं लागत नाहीयेत... माझी इंजिनीअरिंगची डिग्री सगळ्यात जास्त कोणी वापरली असेल तर ती माझ्या कंपनीने नव्हे, अम्मांनी.

त्या दिवशी त्यांच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बेटा, तेरे कंप्यूटर में इसका भाव देख ना."

टॉवेल उघडायच्या आधीच मला कळलं आत काय आहे. पोटात बारीकसा खड्डा पडला. कारण त्या वस्तूचा आणि माझा एक जुना हिशोब बाकी होता.

आधी थोडं बॅकग्राउंड. आम्ही राहतो उल्हासनगर कॅम्प नंबर ३, सेक्शन १७. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, लोकलची तीन स्टेशनं वाचावीत म्हणून त्यांनी इथे घर घेतलं नव्हतं, इथे परवडलं म्हणून घेतलं. मजल्यावर चार दारं, त्यातली तीन सिंधी आणि एक आमचं. शाळेत असताना 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जोक मी इतक्यांदा ऐकलाय की आता कोणी मारला तर मीच शेवट पुरा करतो.

हे गाव नकाशावर आलं ते फाळणीमुळे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाचं बारसं झालं, उल्हासनगर. 'कॅम्प' हा शब्द मात्र पत्त्यातून अजून गेलेला नाही. अम्मा आल्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. हैदराबादहून (आपलं निजामाचं नाही, सिंधमधलं) कराची, कराचीहून बोटीने मुंबई, मुंबईहून इथे. आईने बरोबर आणलेल्या सामानापैकी आता एकच गोष्ट शिल्लक आहे. ती त्या टॉवेलमध्ये होती.

एक जग. म्हणजे पाण्याचा, दुधाचा असतो तसा. वीतभरापेक्षा थोडा कमी उंच, पोटाला गोल, वळणदार कान. पहिल्या नजरेत शंभरातले नव्वद लोक सांगतील, तांब्याचा आहे. तसाच लालसर सोनेरी चकाकतो. मध्ये एक निळा पट्टा आणि त्यावर उठावाची फुलं. हातात घेतलं की गडबड कळते, कारण तो धातूसारखा गार लागत नाही. मातीचा आहे. वर झिलई आणि तिच्यावर ती चमक.

आता जुना हिशोब. मी पाचवीत होतो. दिवाळीच्या आधी अम्मांचा हात फ्रॅक्चर होता, म्हणून आईने मला त्यांच्याकडे भांडी घासायला पाठवलं. पितळ, तांबं, सगळं एका रांगेत मांडलेलं. चिंच, मीठ आणि तारेची घासणी. आमच्या घरी तांब्याचा बंब घासायचं काम माझंच होतं, त्यामुळे मी एक्स्पर्ट. रांगेच्या टोकाला स्टुलावर हा जग होता. तो घासायच्या भांड्यांत नव्हताच, फक्त शोकेस पुसायला काढली म्हणून बाहेर आला होता. मला कोण सांगणार? मी घेतला आणि घासायला लागलो. थोड्या वेळाने चकाकी जाऊन खालून तांबूस रंग दिसायला लागला. तांबं स्वच्छ झालं की असंच दिसतं ना? मी खूश! अजून जोर लावला.

अम्मा आतून आल्या. दोन सेकंद बघत राहिल्या. मग हळूच माझ्या हातातून जग काढून घेतला आणि म्हणाल्या, "बस बेटा, बहुत साफ हो गया." मला दहा रुपये पण दिले.

संध्याकाळी त्यांचे मिस्टर दुकानातून आले. आमच्या बिल्डिंगीच्या भिंती अशा आहेत की समोरच्यांनी शिंक दिली तर इकडून 'सत्यं' म्हणावं. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. कोणी केलं हे? आणि मग अम्मांचा आवाज, "मुझसे हुआ. पोंछते-पोंछते."

मी तेव्हा पुस्तक उघडं ठेवून बसलो होतो. उठून जायला हवं होतं. नाही गेलो. त्या दिवशी नाही, आणि पुढची अठरा वर्षंही नाही. काका गेले, मी बी.ई. झालो, नोकरीला लागलो, त्यांच्या घरी हजार वेळा दालपकवान खाल्लं. दर वेळी शोकेसमध्ये तो जग दिसायचा, घासलेली बाजू पुढे करून ठेवलेला. आणि मी टीव्हीकडे बघायचो.

आता भाव कशाला हवा होता? तर आमची बिल्डिंग रिकामी करायची आहे. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तेव्हापासून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, नोटिसा हे चालू आहे. आमचा नंबर आता लागला. आम्ही बदलापूरला भाड्याने जातोय. अम्मा लेकीकडे पिंपरीला. (पिंपरीलाही सिंधी निर्वासितांचा कॅम्पच होता. म्हणजे कॅम्पातून कॅम्पात.) नातवाने फोनवर सांगितलं होतं, आजी, तो जग अँटिक असेल तर लाखांत जाईल, विचारून ठेव.

"मेरी माँ बोलती थी, इसमें सोना है," अम्मा म्हणाल्या. "और ये हाला का है. अपने सिंध का."

हाला हे सिंधमधलं कुंभारांचं जुनं गाव. तिथली झिलईची भांडी आणि फरशा प्रसिद्ध आहेत. जग टेबलावर ठेवून अम्मा गेल्या, आणि मी लॅपटॉप उघडला. ऑफिसमध्ये मी दिवसभर हेच करतो, लॉग बघायचे आणि रूट कॉज शोधायचा. इथे लॉग म्हणजे जगाचा तळ. खालच्या कडेला जिथे झिलई नाही तिथे लाल माती दिसत होती. कुठेही शिक्का नाही, नाव नाही.

दोन तासांत उत्तर मिळालं आणि मला ते आवडलं नाही.

हा प्रकार इंग्लंडचा. नाव 'कॉपर लस्टर'. एकोणिसाव्या शतकात स्टॅफर्डशर परगण्यातल्या आणि इतर ठिकाणच्या कारखान्यांनी असे जग ढिगाने काढले. निळा पट्टा, उठावाची फुलं, लाल माती, शिक्का नाही, सगळं जुळत होतं. हालाची भांडी कशी असतात हे मला थोडं माहीत होतं. कॉलेजात असताना भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो होतो, तिथे बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची भांडी आहेत. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी नावाच्या साहेबाच्या देखरेखीखाली मुंबईत भांडी घडायला लागली, त्यांत सिंधच्या झिलईची धाटणी आहे आणि काहींवर अजिंठ्याची चित्रं उतरवलेली आहेत. तो निळा, हिरवा, पिवळा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. अम्मांच्या जगात त्यातलं काहीच नव्हतं.

पण दुसरी गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. त्या तांबूस चमकेत तांबं नाहीच. सोनं आहे!

प्रकार असा. सोनं अम्लराजात विरघळवायचं (अकरावीचं केमिस्ट्री आठवा), ते द्रावण तेलात, राळेत मिसळायचं आणि आधीच झिलई देऊन भाजलेल्या भांड्यावर ब्रशने पातळ फासायचं. मग कमी आचेवर पुन्हा भट्टीत. तेल जळून जातं आणि सोन्याचा अतिशय पातळ थर झिलईवर बसतो. हा थर इतका पातळ की खालचा रंग त्यातून दिसतो. त्यामुळे तेच सोनं पांढऱ्या भांड्यावर लावलं तर गुलाबी दिसतं आणि लालसर तपकिरी भांड्यावर लावलं तर तांब्यासारखं. आणि चांदीसारखी दिसणारी भांडी? ती प्लॅटिनमची! तेव्हा प्लॅटिनमला आजच्यासारखा भाव नव्हता. ज्यांना खरी चांदी परवडत नव्हती त्यांच्यासाठी हुबेहूब चांदीच्या घाटाचे टी-सेट काढायचे. म्हणजे मेड इन यूएसए आमच्याआधी त्यांनीच केलं होतं. पुढे १८४० मध्ये एल्किंग्टनने विजेने चांदीचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं, आणि मग खरा मुलामाच स्वस्त झाल्यावर मातीच्या चांदीला कोण विचारतो.

मुळात ही कल्पना इंग्रजांचीही नाही. झिलईवर धातूची चमक आणायची कला इराकमधल्या कुंभारांनी नवव्या शतकात साधली होती. त्यांची रीत वेगळी. चांदी आणि तांब्याचे क्षार मातीत कालवून भांड्यावर नक्षी काढायची, मग भट्टीत धूर कोंडून ऑक्सिजन तोडायचा. धातूचे कण झिलईच्या आत शिरून तिथे बसतात. हे कण काही नॅनोमीटरचे असतात. नॅनोटेक्नॉलॉजीवर सेमिनार देऊन मी सेमिस्टरला मार्क मिळवले होते, त्यात हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुंभारांचा उल्लेखही नव्हता. तिथून ही कला इजिप्त, इराणचं काशान, स्पेन अशी फिरत गेली. ट्युनिशियात कैरुआनच्या मोठ्या मशिदीत त्या काळच्या फरशा आजही भिंतीवर आहेत.

म्हणजे अम्मांच्या आईचं अर्धं बरोबर होतं. सोनं होतं. हाला नव्हतं.

आता इंजिनीअर म्हटलं की आकडेमोड आलीच. थर १०० नॅनोमीटरचा आणि निव्वळ सोन्याचा धरला (असतो त्याहून कमीच, पण जाऊ दे), पट्टा सोडून उरलेली जागा साधारण ३५० चौरस सेंटिमीटर, तर सगळ्या जगावर मिळून सोनं भरतं ७० मिलिग्रॅमच्या आत. आजच्या भावाने हजारभर रुपये, तेही खरवडून काढता आलं तर. मी तारेच्या घासणीने जेवढं उडवलं ते २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४ मिलिग्रॅम. पन्नास-एक रुपये. चिंचेने सोनं जात नाही, कुठल्याच साध्या आम्लाने जात नाही. घासण्याने जातं. भंगारातल्या घासणीने मी पन्नास रुपयांचं सोनं मोरीत सोडलं होतं आणि वर दहा रुपये मेहनताना घेतला होता.

आणि अँटिक म्हणून भाव? असे जग परदेशी लिलावांच्या साइटवर मला तीस-चाळीस पौंडांना दिसत होते. धड असले तर. झिजलेल्याला त्याहून कमी. लाख वगैरे विसरा.

आकडा सांगायला सोपा होता. अडचण हालाची होती. अम्मांकडे सिंधची एकच वस्तू उरलेली, आणि मी तिच्याबद्दल सांगायचं की ती सिंधची नाहीच? आईला विचारलं. ती म्हणाली, "पंच्याऐंशीच्या घरातल्या बाईला काय करायचंय स्टॅफर्ड आणि फिफर्ड. भाव नाही एवढं सांग आणि गप्प बस."

मी दोन दिवस गप्प बसलो. पण मग वाटलं, पिंपरीत तो नातू फोन काढेल, फोटो घेऊन सर्च मारेल आणि दोन मिनिटांत जेवणाच्या ताटावरच सांगेल, "आजी, हे तर इंग्लिश आहे." त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. आणि खरं कारण सांगायचं तर त्या जगाच्या बाबतीत मी एकदा गप्प बसलो होतो. दुसऱ्यांदा नको वाटत होतं.

मंगळवारी रात्री ऑफिसातून आल्यावर गेलो. त्यांच्या हॉलमध्ये खोकी भरून ठेवलेली, शोकेस रिकामी. सगळं सांगितलं. सोनं आहे म्हटल्यावर अम्मा लहान मुलीसारख्या हसल्या, "देखा? माँ झूठ नहीं बोलती थी." मग मी हालाचं सांगितलं. हसू गेलं. जग हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"तेरा कंप्यूटर गलत है," एवढंच म्हणाल्या आणि चहाला पण बसवलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

घरी आलो तर आईने चेहरा बघूनच ओळखलं. काही बोलली नाही. रात्री झोप लागली नाही ती नाहीच. प्रॉडक्शनचा डेटा चुकून उडवल्यावर जसं होतं तसं. बॅकअप नाही, रोलबॅक नाही.

बुधवारी वर्क फ्रॉम होम होतं. सकाळी साडेआठला बेल वाजली.

"माल्टा कहाँ है?" अम्मांनी दारातूनच विचारलं.

मी लॅपटॉपवर नकाशा काढून दाखवला. भूमध्य समुद्रात, इटलीच्या खाली, ठिपक्याएवढं बेट. त्या पुढे वाकून बघत होत्या. त्यांच्या आईचे वडील तिथे होते म्हणे. एका सिंधी शेठच्या दुकानात. वर्षानुवर्षं घरी यायचे नाहीत, आले की पेटी भरून आणायचे. आई सांगायची, तिच्या लग्नात वडिलांच्या पेटीतली भांडी होती. हे सगळं अम्मांना रात्री आठवलं होतं. "माल्टा, माल्टा बोलती थी माँ. मैं छोटी थी, मुझे लगता था कोई मिठाई है."

मी नंतर वाचलं. सिंधमधल्या हैदराबादचे हे व्यापारी, त्यांना सिंधवर्की म्हणत. १८६० च्या सुमाराला ते सिंधचं हस्तकलेचं सामान विकायला मुंबईत आले आणि तिथून इजिप्त, माल्टा, जिब्राल्टर करत पार पनामापर्यंत पोचले. क्लॉड मार्कोविट्स नावाच्या इतिहासकाराचं त्यांच्यावर अख्खं पुस्तक आहे. दुकानातले नोकर हैदराबादहूनच जायचे, दोन-तीन वर्षांच्या करारावर, बायकामुलं मागे ठेवून. थोडक्यात, ऑनसाइट! माल्टा तेव्हा इंग्रजांच्या आरमाराचा तळ, इंग्लंडचा माल तिथे येणारच. सिंधवर्कींच्या सामानात सिंधची भांडीही असायची. म्हणजे असंही झालं असेल की हालाची भांडी विकणाऱ्या दुकानातला माणूस घरी परतताना पोरीसाठी इंग्लंडचा जग घेऊन आला. हा माझा अंदाज. अम्मांनी मात्र तो ऐकताक्षणी पक्का करून टाकला.

"तो नाना ने लाया," त्या म्हणाल्या. नानांचा फोटो नाही, पत्र नाही, काही नाही. हालाचा जग म्हणून होता तोवर नाना कोणाला आठवायचं कारणच नव्हतं.

मग मी ते अठरा वर्षांपूर्वीचं बोललो. अडखळतच. चिंच, घासणी, काकांचा आवाज, भिंतीपलीकडून ऐकलेलं सगळं. आणि सॉरी म्हटलं. अम्मांनी माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर काही नाही.

"वो तो मुझसे हुआ था," त्या म्हणाल्या. "पोंछते-पोंछते."

त्या खरंच विसरल्या होत्या की अजूनही तेच सांगायचं ठरवून होत्या, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

काल शुक्रवारी टेम्पो आला. जग पॅक करायचं काम मी मागून घेतलं. माझा कंपनीचा जुना टी-शर्ट, त्यावर बबल रॅप, मग खोकं. आत एक चिठ्ठी टाकली, देवनागरीत, नातवाला वाचता येईल अशी. 'कोमट पाणी आणि मऊ कपडा. चिंच, लिंबू, पावडर, तारेची घासणी वापरू नये. घासू नये.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ मारली.

अम्मा सिंधी शाळेत शिकलेल्या, त्यांना देवनागरी नीट येत नाही. "क्या लिखा?" म्हणून विचारलं. मी वाचून दाखवलं.

त्या जिना उतरायला लागल्या होत्या. कठड्याला धरून थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "अठारह साल पहले चिपकाना था ना, बेटा."